सीलवाल्याच्या घरची मशीन

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या माणसाला आमच्या रस्त्यावर सगळे सीलवाला का म्हणत, ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. काम संपलं की मशीन बंद करून तो तळाच्या मधल्या स्क्रूवर नखाएवढा कागद चिकटवायचा. त्यावर तारीख आणि त्याची सही. "माझं सील शाबूत असेल तर आतल्या कामाचा जबाब मी देईन. फाटलं असेल तर ज्यानं फाडलं त्याला विचारा," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि एकदा लावलेलं सील तो स्वतःही फाडत नसे. बावीस वर्षांत त्याच्या हातची एकही मशीन त्याच दुखण्यासाठी परत आली नाही, असं सांगायचा. मी काही शहानिशा केलेली नाही, पण माझी मशीन त्यानं सात वर्षांपूर्वी दुरुस्त केली ती अजून चालते. पंखा तेवढा गिरणीसारखा वाजतो. ते दुखणं वेगळं, असं त्याचं म्हणणं.

दुकान माझ्या जिन्याखालीच आहे. पुढे काउंटर, मागे प्लायवुडची आडभिंत, तिला एक चौकोनी खिडकी. आडभिंतीमागे तो, काउंटरवर त्याची बायको. गिऱ्हाइकं तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणते, वयानं ती माझ्या मुलीएवढी असली तरी. दुकान खरं तर तीच चालवायची. तो बोलायला कंजूष, आणि हिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबायचं नाव नाही. "पाणी सांडलं नाही म्हणताय? मग आत काय, मशीनला घाम फुटला?" असं ती भल्याभल्यांना विचारायची आणि भलेभले कबूल करायचे. आवाज भरदार, किंचित घोगरा. वर माझ्या स्वयंपाकघरात शब्द न् शब्द ऐकू येई. दुपारची झोप म्हणून मला मिळाली नाही. दोनदा मी खाली जाऊन ओरडून आले होते.

"काकू, तुम्ही कानात बोळे घाला," ती म्हणाली होती. "मी गप्प बसले तर दुकान बसेल."

त्या दोघांची एक रीत होती. पडदा, माइक, आवाज असलं काही काम झालं की ती मशीन खिडकीतून बाहेर काउंटरवर यायची. वहिनी तिच्याकडे तोंड करून म्हणायची, "एक, दोन, तीन. ऐकू येतंय का हो?" ते मशीनमध्ये रेकॉर्ड व्हायचं. मशीन परत आत जायची, तो हेडफोन लावून ऐकायचा आणि आतून म्हणायचा, "येतंय." मग ते रेकॉर्डिंग पुसून टाकायचा आणि सील लावायचा. गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये आपली काडी राहता कामा नये, हा त्याचा दुसरा नियम. तिचा आवाज असा किती वेळा नोंदला गेला आणि पुसला गेला, ते मी एकदा मोजायला बसले आणि सोडून दिलं.

जुन्या मशीनींवर तो लिनक्स घालायचा. नेहमीची सिस्टीम दरवर्षी सुटत जाते, म्हाताऱ्या मशीनला तिचं ओझं पेलत नाही. लिनक्स सडपातळ, शिवाय फुकट, आणि आत काय चाललंय ते सगळं उघडून बघता येतं. या शेवटच्या गोष्टीवर तो लट्टू होता. पण लिनक्सला एक खोड आहे. एकेक सुटा भाग बनवणाऱ्या कंपन्या आपल्या भागाशी कसं बोलायचं ते त्याला शिकवतातच असं नाही. मग कुठे माइक मुका होतो, कुठे झाकण मिटल्यावर मशीन झोपते ती उठतच नाही. जगभरचे लोक फोरमवर एकमेकांना रडगाणी सांगत बसतात, कुणीतरी दोन ओळींचा उतारा देतो, तो कधी लागू पडतो, कधी नाही. सीलवाला त्यात रमायचा. दुसऱ्यांची शब्दकोडी तशी त्याची ही.

गेल्या वर्षी वहिनीची जीभ अडखळायला लागली. पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. एक गिऱ्हाईक चेष्टेनं म्हणालं, "काय वहिनी, सकाळीसकाळीच?" तिनं त्याला फैलावर घेतलं, पण शब्द एकमेकांवर घसरत होते आणि ते तिलाही कळलं. तपासण्या झाल्या. जीभ आणि घसा हलवणाऱ्या नसा सुकत चालल्या होत्या. आधी बोलणं जाईल, मग गिळणं, मग हात. औषध नाही. डॉक्टरनं हे सरळ सांगितलं, त्याबद्दल मला त्याचा राग नाही.

हॉस्पिटलातली बोलणं शिकवणारी बाई मात्र कामाची होती. तिनं एक प्रोग्रॅम दिला. कॉम्प्युटरवर एकेक वाक्य येतं, ते मोठ्यानं वाचायचं. स्पष्ट वाटलं तर हिरवी खूण, नाहीतर लाल. अशी सहाशे वाक्यं झाली की यंत्र तिचा आवाज उचलतं, आणि पुढे ती जे टाइप करील ते तिच्याच आवाजात बोलतं. बाईनं तीन अटी घातल्या. फोनवर चालणार नाही, फोन आवाज चेपतो. सगळी वाक्यं एकाच माइकवर म्हणायची, मध्ये बदलायचा नाही. आणि तिसरी म्हणजे, आत्ता.

"आत्ता म्हणजे?" त्यानं विचारलं.

"या महिन्यात. पुढच्या महिन्याचं मी सांगू शकत नाही."

त्या संध्याकाळी वहिनीनं हे सगळं मला साग्रसंगीत सांगितलं. शब्द जड, पण समजत होते. "नाहीतर एक तयार बाई मिळते म्हणे यंत्रात," ती म्हणाली. "तिच्या तोंडून मी माझ्या नवऱ्याशी बोलायचं? अजिबात नाही. त्याला शिव्या द्यायच्या तर त्या माझ्याच आवाजात."

दुसऱ्या दिवशी त्यानं घरची मशीन काढली. दोन वर्षांपूर्वी तिच्या झाकणावर कपाटातून इस्त्री पडली होती. त्यानं पडदा बदलला होता, लगोलग लिनक्स घातलं होतं आणि सील लावलं होतं. तेव्हापासून तिच्यावर दोघं सिनेमे बघत, बिलं भरत. माइकची गरज कधी पडली नव्हती. आता पडली. प्रोग्रॅम सुरू झाला, पहिलं वाक्य आलं, वहिनीनं वाचलं, आणि आवाजाची जी पट्टी वरखाली व्हायला हवी ती मढ्यासारखी पडून राहिली. यादीत माइक दिसत होता. ऐकत मात्र काही नव्हता.

"लिनक्सचं लफडं आहे," सीलवाला म्हणाला. "दोन दिवसांत लावतो."

फोरमवर त्याला त्याच बनावटीच्या मशीनची शेकडो माणसं सापडली. सगळ्यांचे माइक मुके. मग शंकेला जागाच उरली नाही. तो हुरूपानं बसला. पहिल्या आठवड्यात त्यानं आवाजाच्या सगळ्या फायली बदलल्या. दुसऱ्यात लिनक्सचा गाभाच नवा घातला, तर वायफाय गेलं. वायफाय आणण्यात चार दिवस गेले आणि ते आलं तेव्हा टचपॅड चालेना. मी खाली गेले की तो काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी मला दाखवायचा. "हे बघा काकू, आधी इथे चूक दाखवत होतं. आता दाखवत नाही."

"माइक चालतो का?"

"नाही. पण चूक दाखवत नाही."

दुसऱ्या मशीनी होत्या की दुकानात, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले. रॅकवर अकरा उभ्या होत्या. त्यानं असं पाहिलं माझ्याकडे, जणू मी गिऱ्हाइकाच्या ताटातलं उचलून खा म्हणाले. मी माझी मशीन देऊ केली. "तुमचा पंखा? सहाशे वाक्यांत सहाशे वेळा गिरणी ऐकू येईल," तो म्हणाला. यात तो बरोबर होता.

मग मी बाजारात जाऊन एक माइक घेऊन आले. साधा, यूएसबीचा, खोचला की चालतो. दुकानदाराला तीनदा विचारलं, लिनक्सवर चालतो ना? चालतो म्हणाला. आणून सीलवाल्याच्या हातात दिला. त्यानं खोका उलटसुलट करून वाचला.

"काकू, सगळी वाक्यं एकाच माइकवर म्हणायचीत. एकदा यावर सुरू केलं की सहाशेच्या सहाशे या खेळण्यावर जाणार. जन्मभर ती डब्यातून बोलल्यासारखी बोलणार."

"अरे, पण बोलेल तरी."

"घरचा माइक चांगला आहे. दोन माइक आहेत त्याला, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना. आज एक नवीन उतारा मिळालाय. उद्या सकाळी नाही चालला तर हाच लावतो. शब्द."

खोका ड्रॉवरमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक उतारा मिळाला. चूक माझी आहे, हे लिहून ठेवते. तो खोका मी त्याच्या हातात द्यायला नको होता. तो फोडून, वायर खोचून, वहिनीसमोर ठेवून, आडभिंतीच्या दाराला बाहेरून कडी घालायला हवी होती. आयुष्यभर मी लोकांच्या भानगडीत नको तितकं नाक खुपसलं आणि नेमकी तिथेच सभ्यपणा दाखवत बसले.

तोवर पाचवा आठवडा लागला होता. वहिनी बोलली की गिऱ्हाईक म्हणायचं, "काय?" मग ती स्वतःच वाक्यं लहान करायला लागली. "पाणी सांडलं?" एवढंच. मग बोटानं मशीनकडे दाखवून भुवया उंचवायची. माझ्या स्वयंपाकघरात दुपारी शांतता असायची, आणि मला झोप येत नव्हती.

एका दुपारी तो आत फोरमवर खुडबुडत होता तेव्हा मी काउंटरवर वाकून तिला म्हटलं, "अगं, तू सांग त्याला. तो माझ्या बापाचं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. माइक ड्रॉवरमध्ये पडलाय. आत्ता सुरू कर."

तिनं पावतीपुस्तक ओढलं आणि मागच्या बाजूला लिहिलं: "सांगितलं. रडतात."

मी वाचलं. तिनं पुस्तक परत घेतलं आणि खाली आणखी लिहिलं: "त्यांना दुरुस्त होण्यासारखं काहीतरी हवंय, काकू."

"आणि तुला?"

तिनं पावतीपुस्तकाचं ते पान फाडून चुरगाळून टाकलं, आतून तो आला तर दिसू नये म्हणून.

सातव्या आठवड्यात फोरमवर कुठल्याशा परक्या माणसानं त्याला एका ओळीत विचारलं की झाकण उघडून माइकची केबल बघितली का. झालं. सीलवाल्याचा तिळपापड. तो बाहेर काउंटरवर आला, मशीन तिच्यासमोर आपटली, आणि मी तिथे उभी आहे याचंही भान न ठेवता बोलत सुटला. मी त्याला एका वेळी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"केबल बघितली का म्हणे! बावीस वर्षं हेच करतोय मी. पडदा मी बसवलाय, माझ्या हातानं. सील आहे वर. हा कोण टिकोजीराव मला केबल विचारणारा? मी लिहिलंय त्याला, हार्डवेअर निर्दोष आहे, हार्डवेअरचं बोलायचं नाही. लिनक्सचं काय असेल तर सांग."

वहिनीनं मशीन मिटली, उलटी केली, आणि अंगठ्याच्या नखानं सील खरवडायला सुरुवात केली. कागद जुना होता, सहजी निघेना. तिनं तो कडेकडेनं, तुकड्यातुकड्यानं काढला. तारीख गेली, सही गेली. तिनं काउंटरवरच्या पेल्यातला छोटा स्क्रूड्रायव्हर उचलून त्याच्यासमोर धरला.

त्यानं काउंटरवरच मशीन उघडली. आधी तळ, मग झाकणाची काळी चौकट, नखानं टकटक करत सगळीकडून सोडवली. वर, कॅमेऱ्याशेजारी, केसांच्या बटेएवढी बारीक केबल मोकळी लोंबत होती. तिच्या टोकावर पिवळी चिकटपट्टी होती. पडदा बसवताना मध्ये येऊ नये म्हणून त्यानंच बाजूला चिकटवून ठेवली होती, आणि नंतर परत जागेवर खोचायची राहिली होती.

"चाचणी घेतली असती तर तेव्हाच कळलं असतं," तो म्हणाला. आम्हाला नव्हे, त्या केबलला. "चाचणी घेतलीच नाही."

"का नाही घेतलीस?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"घरची मशीन. घरच्या मशीनची कोण घेतं?"

त्यानं केबल खोचली. टक् असा आवाज आला. झाकण नीट लावण्याआधीच मशीन सुरू केली, आणि त्यानं स्क्रूड्रायव्हर काउंटरवर ठेवला त्या आवाजानं पडद्यावरची पट्टी टुणकन वर उडाली. सात आठवडे ज्या पट्टीसाठी त्यानं जंग जंग पछाडलं ती आता खुर्ची सरकली तरी नाचत होती. सगळं लिनक्स पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

"बोल," तो म्हणाला. "बोल ना."

पडद्यावर पहिलं वाक्य आलं: आज खिडकीबाहेर ऊन पडलं आहे. वहिनी जरा सरसावून बसली, पदर सारखा केला, जशी फोटोला बसतात तशी, आणि वाचलं. मी ते इथे अक्षरांत उतरवणार नाही. लाल खूण आली. पुन्हा म्हणा. तिनं पुन्हा म्हटलं. लाल. तो म्हणाला, जरा सावकाश. ती सावकाश म्हणाली. लाल. प्रत्येक वेळी पट्टी छान वरखाली होत होती, माइक अगदी व्यवस्थित ऐकत होता. अकराव्या वेळेनंतर तिनं झाकण मिटलं. त्याचा हात मध्ये होता तो तिनं हळूच बाजूला केला.

तयार बाईच लागली शेवटी. पाटीसारख्या एका लहानशा टॅबलेटवर वहिनी टाइप करते आणि ती बाई बोलते. स्वच्छ, गोड, विमान सुटण्याची घोषणा करावी तशी. "पाणी सांडलं का," असं ती विचारते आणि गिऱ्हाइकं खुशाल खोटं बोलून निघून जातात. त्या बाईला शिव्याही येतात, वहिनीनं एकदा टाइप करून बघितल्या. मी हसले. ती हसली. तो आडभिंतीमागे होता. मग तिनं पुन्हा कधी टाइप केल्या नाहीत.

तेव्हापासून सीलवाला सील लावत नाही. लोक अजून सीलवालाच म्हणतात.

पण हे सगळं लिहायला मी बसले ते पुढच्या गोष्टीसाठी. महिन्यापूर्वी दुकानावर बोर्ड लागला: जुन्या गिऱ्हाइकांसाठी मशीनची साफसफाई मोफत. मोफत म्हटल्यावर काय, रांग लागली. दहा-दहा वर्षांपूर्वीच्या मशीनी लोकांनी माळ्यावरून काढून आणल्या. मला वाटलं, चला, माणूस कामाला लागला. एका सकाळी वरून उतरताना आत डोकावले तर धूळ कशाचीच काढत नव्हता. एकेका मशीनला वायर जोडून, पुसलेल्या फायली परत काढायचा प्रोग्रॅम चालवत बसला होता.

"काय शोधतोयस?" मी विचारलं आणि विचारता विचारताच मला कळलं.

"पुसलेलं लगेच जात नाही, काकू. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं तरच जातं. कुणी मशीन फारशी वापरलीच नसेल तर..." त्यानं वर बघितलं नाही. "मी ते लोकांना विचारतो. फार वापरली नाही ना, म्हणून."

"सापडलं कुठे?"

"अजून नाही."

"आणि सापडलं तर? एक, दोन, तीन, ऐकू येतंय का हो. एवढ्यावर तिचा आवाज होणार आहे का परत? सहाशे वाक्यं लागतात, बाबा."

"ते माहीत आहे मला," तो म्हणाला.

मी वर गेले आणि माझी मशीन घेऊन आले. सात वर्षांपूर्वी तिच्या आवाजाचंच काम झालं होतं, आणि मी पत्रं लिहिण्यापलीकडे ती वापरत नाही. त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली. मी स्टुलावर बसून राहिले. पंखा घोंघावत होता. तासाभरानं तो पडद्याकडे वाकला.

एक नाव सापडलं होतं. सात वर्षांपूर्वीच्या त्या दुरुस्तीची तारीख, वेळ दुपारी बारा वाजून दहा मिनिटं, आणि चाचणीच्या फाइलला तो द्यायचा ते नाव. समोर आकार: शून्य. त्यानं ती चालवून बघितली. काहीच वाजलं नाही. आवाज पूर्ण वाढवून पुन्हा चालवली. मी कान देऊन ऐकत होते, आणि माझ्याच मशीनच्या पंख्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

"रिकामी आहे रे," मी म्हटलं.

"हो. नुसतं नाव राहिलंय." मग म्हणाला, "काकू, ही मी ठेवून घेऊ का?"

"घे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यानं ती फाइल घरच्या मशीनमध्ये उतरवली, तिच्यासाठी वेगळा कप्पा केला, त्याला नाव काय द्यावं यावर विचार करत बसला.

तेवढ्यात आडभिंतीच्या खिडकीतून ती गोड, परकी बाई बोलली.

"मी इथेच बसले आहे."

मी वळून पाहिलं. वहिनी काउंटरवरून खिडकीतून आत बघत होती, पाटी हातात. तिची बोटंही आता जरा सावकाश चालतात. तिनं पुन्हा तेच बटण दाबलं.

"मी इथेच बसले आहे."

"हो गं," सीलवाला पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "एक मिनिट."